रॅम ३६००ची, मग दिसते २१३३ का?

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. यंदा कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा नागपूरला सीताबर्डीवर जाऊन सुटे भाग आणले आणि डेस्कटॉप स्वतःच जोडला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, डब्यावर ३६०० लिहिलेलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज टाकून पाहतो तर रॅमचा स्पीड २१३३. सीपीयू-झेड हे तपासणीचं सॉफ्टवेअर तर १०६६च दाखवतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केलं, ३६०० आलं, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा आपोआप २१३३. मधूनच निळी स्क्रीन येते, जास्त करून दुपारी. दुकानदारानं फसवलं का? मित्र म्हणतो व्होल्टेज दीडपर्यंत ने. नेऊ का? कॅबिनेटला हात लावला की कधी कधी झिणझिण्याही येतात. आतला फोटो सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : व्होल्टेजला अजिबात हात लावू नका. आणि दुकानदारावरचा राग सोडा, त्यानं दिलेली रॅम बरोबर आहे.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. रॅमच्या घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा जाते. डवरणीला बैलजोडी जाताना एक तास, म्हणजे पिकातली एक ओळ, मारते आणि परतताना दुसरं. फेरी एक, तासं दोन. सीपीयू-झेड फेऱ्या मोजते म्हणून १०६६ म्हणते, विंडोज तासं मोजते म्हणून २१३३ म्हणते. दोन्ही खरं आहे. डब्यावरचा ३६०० हा आकडाही तासांचाच, त्याच्या पुढे मेगाहर्ट्झ छापलेलं असलं तरी. एक्सएमपी लागलेलं असताना सीपीयू-झेडमध्ये १८००च्या आसपास दिसलं की समजा पूर्ण वेग मिळतो आहे.

आता २१३३ का, ते. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर, म्हणजे स्टिकवर, तुरीच्या डाळीहून लहान एक चिप असते. त्या स्टिकचे वेग, टायमिंग आणि व्होल्टेज तिच्यात लिहून ठेवलेले असतात. बोर्ड पहिल्यांदा चालू झाला की तो त्यातला सगळ्यात बिनधोक वेग उचलतो, १.२ व्होल्टवर चालणारा. कारण तुमचा प्रोसेसर किती पेलेल हे त्याला ठाऊक नसतं, आणि काहीही करून स्क्रीनवर चित्र आणणं हे त्याचं पहिलं काम असतं. एक्सएमपी म्हणजे रॅम बनवणाऱ्यानं त्याच चिपमध्ये लिहून ठेवलेला वेगळा, जलद हिशेब. तुमच्या स्टिकरवर ३६०० आणि १.३५ व्होल्ट दिसतं, तोच तो. असूसच्या एएमडीवाल्या (रायझन बनवणारी कंपनी) बोर्डांवर यालाच डीओसीपी म्हणतात, म्हणून एक्सएमपी नावाचं बटण सापडलं नाही तर गोंधळू नका.

पण एक गोष्ट डब्यावर नसते. डीडीआर४च्या मानकातला सगळ्यात वरचा वेग ३२०० आहे आणि तुमच्या ५६००जीसाठी एएमडीनं सांगितलेली मर्यादाही ३२००च. ३६०० हा त्यापलीकडचा वेग. रॅमवाला त्याच्या स्टिकची हमी देतो. तुमचाच प्रोसेसर, तुमचाच बोर्ड आणि तुमच्या घरची लाईन मिळून तो वेग पेलतील याची हमी कोणीच घेतलेली नसते. बहुतेक ठिकाणी पेलतात. तुमच्याकडे का पेलत नव्हते, ते मला फोटोत दिसलं.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पंख्याच्या उजवीकडे चार स्लॉट आहेत. पंख्याला लागून असलेल्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक खेटून बसवलेल्या आहेत आणि पुढचे दोन रिकामे. पत्रात नंबर होता म्हणून मी फोनच केला. तुम्ही म्हणालात, "ताई, जवळजवळ लावल्या त् बरं दिसते म्हणून लावल्या." जोडणारे बरेच जण हेच करतात, कारण बोर्डावर कुठं बसवायची हे पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं.

चार स्लॉटच्या साध्या बोर्डावर प्रोसेसरपासून रॅमपर्यंत दोन वाटा असतात आणि प्रत्येक वाटेवर दोन स्लॉट. पहिला-दुसरा एका वाटेवर, तिसरा-चौथा दुसऱ्या. तुम्ही एकाच वाटेवर दोन ओझी लादली आणि दुसरी वाट मोकळी सोडली. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये एकेक स्टिक बसवा. बोर्डावर त्यांच्याजवळ ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिला-तिसरा का नाही? वाट दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटपाशी संपते. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला तर सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आदळून परत फिरतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. कमी वेगात हे खपून जातं, ३६००वर खपत नाही.

तुमच्यासाठी या एका बदलाचं मोल सगळ्यात जास्त आहे. एका वाटेनं एका वेळी आठ बाइट जातात. २१३३ वेगानं एका वाटेतून सेकंदाला साधारण १७ जीबी माहिती जाते. ३२०० वेगानं २५.६ जीबी, आणि दोन्ही वाटा चालू असल्या तर ५१.२ जीबी. तिप्पट झालं हे! आणि तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे चित्र काढणारा भागही याच रॅममधून घास घेतो. टाइमलाइन अडखळते असं फोनवर म्हणालात, ते यामुळंच. उलट ३२००वरून ३६००वर गेलं तर वाढ होते आठव्या हिश्श्याची. मोजायला बसलं तर दिसते, काम करताना क्वचितच जाणवते. तो आठवा हिस्सा मिळवण्यासाठी दुपारच्या निळ्या स्क्रीन सोसायच्या का, हे ठरवायचं आहे.

स्टिक हलवताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. तुमच्या झिणझिण्यांचं कारण अर्थिंग आहे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला हवा. तार नसली किंवा खड्डा कोरडा पडला की तो तुमच्या हातातून जातो. आमच्याकडे आर्वीत चैत्र लागला की अशा तक्रारी सुरू होतात, कारण काळी जमीन वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकायला लागा आणि वायरमनकडून तार तपासून घ्या. हे रॅमच्या आधी करा. घरात लहान मूल आहे असं तुम्ही सांगितलंत म्हणून जोर देऊन सांगते.

स्टिक काढल्यावर तिची सोनेरी दातरी उजेडात धरून पाहा. तुमच्या गावात जिनिंग आहे, तेव्हा रुईचा बारीक फुफाटा आत गेलेला असणारच. मी उघडते त्यातल्या कितीतरी कॅबिनेटमध्ये पंख्याच्या पात्यांवर पांढरी लव बसलेली असते आणि तिचा एखादा तंतू स्लॉटच्या फटीत आडवा पडलेला असतो. दातरीवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कीस फुंकू नका, कोरड्या ब्रशनं झाडा. फुंकरीत थुंकीचा ओलावा असतो. बसवताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या आणि खटका पडलेला कानानं ऐका. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो, दुसऱ्या बाजूची खाच पक्की असते. तिथं ती बाजू अर्धवट राहून जाते.

आता सेटिंग आपोआप का जाते? याची दोन कारणं असू शकतात आणि ती ओळखायला घड्याळ पुरे. सेटिंग गेल्याच्या दिवशी संगणकाची तारीख-वेळही मागं गेली असेल तर बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. किराणा दुकानातही मिळते, बदला. तारीख-वेळ ठीक असून फक्त रॅमचा वेग उतरला असेल, तर लाईन कारण आहे.

संगणक चालू केल्यावर चित्र येण्याआधीचे काही सेकंद बोर्ड रॅमशी सूर जुळवत असतो. नेमक्या त्या सेकंदांत लाईन गेली, तर पुढच्या वेळी बोर्ड समजतो की मागचा प्रयत्न फसला, म्हणजे वेग झेपला नाही. मग तो सगळं सोडून २१३३वर येतो आणि कधी कधी ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) फसल्याचा संदेशही दाखवतो. तुम्ही फोनवर सांगितलंत, "लाईन आली का मी लगेच चालू करतो, नाही त् पुन्हा जाते." लाईन परत येते तेव्हा ती दोन-तीन वेळा ये-जा करून मगच टिकते, हे आपण रोज पाहतो. तुम्ही नेमके त्या ये-जा करण्याच्या मिनिटांत बटण दाबता. लाईन आल्यावर पाच मिनिटं थांबा. आणि एक ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या तुमच्या मशीनला तो पुरतो. एडिटिंग करायला नाही, पण फाईल जतन करून नीट बंद करायला आणि ते पहिले सेकंद सांभाळायला.

एवढं झाल्यावर बायोसमध्ये जा. चालू करताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहायचं. एक्सएमपी चालू करा आणि बाकी कशालाही हात न लावता जतन करून बाहेर पडा. चार दिवस चालवा. निळी स्क्रीन आली नाही तर उत्तम. आलीच, तर एक्सएमपी चालूच ठेवून फक्त वेगाच्या ओळीत ३६००ऐवजी ३२०० करा. टायमिंगचे आकडे आणि १.३५ व्होल्ट तसेच राहू द्या. तुमच्या स्टिकवर पहिला आकडा १८ आहे. ते ठोके आहेत, वेळ नाही. ३६००वर १८ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद, ३२००वर तेच १८ ठोके म्हणजे ११.२५. वेग उतरला की रॅमला आपोआप श्वास घ्यायला जास्त वेळ मिळतो, म्हणून ही उतराई सुरक्षित. मित्राचा दीड व्होल्टचा सल्ला याच्या अगदी उलट जातो. १.३५चा हिशेब लिहिलेल्या स्टिकला दीड दिले तर उष्णता वाढेल, आणि तुमची तक्रार मुळात दुपारची आहे.

सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. दोन-तीन वेळा आपोआप बंद-चालू होऊन बोर्ड स्वतःच सावरतो. नाहीच सावरला तर प्लग काढा, चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, नाण्याची बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवा. बायोस पहिल्यासारखं होतं. यात डिस्कवरचं काहीही जात नाही, तुमचं शूटिंग सुरक्षित राहतं.

परीक्षा मात्र घ्याच. मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी फुकट मिळते, पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून संगणक चालू करा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास लागतात. लाईन टिकणारा दिवस पाहून दुपारी बारा-एकला लावा. रात्री लावू नका. एकही चूक दिसली तर ते नापास, एकीला काय होते असं म्हणायचं नाही. कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोरही ठेवू नका, वाळ्याच्या ताटीतून उडणारे पाण्याचे तुषार आत जातात. बाजूला ठेवा, खोलीतली हवा थंड झाली म्हणजे झालं.

दुपारचा एवढा आग्रह का, ते सांगते. माझ्या दुकानातल्या कामाच्या मशीनवर मी एका जानेवारीत ३६०० लावलं होतं. रात्रभर परीक्षा घेतली, एकही चूक नाही. मला वाटलं झालं. मे महिन्यात एका बचत गटाच्या बाया त्यांची वहीखाती घेऊन आल्या. अकरा जणींचे हप्ते, कर्ज, व्याज. मी ती पानं स्कॅन केली, एक झिप फाईल करून त्यांना पेन ड्राइव्हवर दिली आणि माझ्याकडंही ठेवली. मशीन एकदाही अडखळलं नव्हतं, निळी स्क्रीन नाही, काही नाही. पावसाळ्यात त्यांच्या अध्यक्षबाईंच्या घरात पाणी शिरलं आणि वह्या लगदा झाल्या. त्या पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. फाईल उघडेना. माझ्याकडची प्रतही उघडेना, कारण ती बनतानाच बिघडली होती. रॅममध्ये एक अंक उलटला आणि तो उलटलेलाच डिस्कवर लिहिला गेला. अध्यक्षबाई काही बोलल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग सहा दिवस आम्ही अकरा पासबुकांवरून एकेक नोंद पुन्हा उतरवली. त्यानंतर आलेल्या पहिल्या कोरड्या उकाड्याच्या दुपारी परीक्षा लावली, तर सात चुका. ३२००वर आणलं, शून्य. ते मशीन आजही ३२००वर आहे.

निळी स्क्रीन येते हे तुमचं नशीब समजा, ती निदान सांगून येते. तुमच्या डिस्कवर लोकांची लग्नं आहेत. मेच्या दुपारी जो वेग चार फेऱ्या निर्दोष काढेल, तोच तुमच्या रॅमचा वेग, डब्यावर काहीही असो. आणि तोवर शूटिंगचं मूळ कार्ड पुसू नका.

प्रश्न : माझ्याकडे आय५-१०४०० आणि एच४१० चिपसेटचा बोर्ड आहे. ८ जीबीची ३२०० रॅम आणली, पण २६६६च दाखवते. एक्सएमपी कुठंच सापडत नाही. पुतण्या म्हणतो रॅम बदलून घ्या.
– एक शिक्षक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : सर, बदलू नका. तुमच्या प्रोसेसरची मर्यादाच २६६६ आहे आणि एच४१० बोर्ड ती ओलांडू देत नाही. कोणतंही सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही, ते तिथं नाहीच. ३२००ची स्टिक २६६६वर चालल्यानं तिचं काही बिघडत नाही, कमी दमते. तिला बदलण्यात पैसे घालण्यापेक्षा तसलीच आणखी एक ८ जीबीची घ्या. जमलं तर त्याच कंपनीची आणि त्याच क्रमांकाची. तुमच्या बोर्डावर स्लॉट दोनच असतील तर बसवण्याची चूक व्हायला जागाच नाही. निकालपत्रकं आणि ब्राउझर एकदम उघडल्यावर मशीन जे रेंगाळतं म्हणता, ते यानं थांबेल.

प्रश्न : ताई, बाबांनी धान विकून मला कॉलेजसाठी नवीन संगणक घेऊन दिला. रायझन ५ ७६०० आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ ६००० रॅम. मी आणि दादानं जोडला. चालू केला तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. तीन मिनिटं वाट पाहून बंद केला. चार वेळा तसंच. बाबा काही बोलत नाही पण त्यांच्या तोंडाकडं पाहवत नाही. पुढं आणखी दोन रॅम टाकायचा विचार होता.
– एक विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : पोरी, संगणक बहुतेक ठणठणीत आहे. आधी बाबांना तसं सांगून ये, मग पुढचं वाच.

डीडीआर५ आणि तुझ्या पिढीचा रायझन पहिल्यांदा भेटतात तेव्हा बोर्ड प्रत्येक तारेचा सूर वेगळा लावतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते आणि हे कित्येक मिनिटं चालू शकतं. तू तिसऱ्या मिनिटाला बंद केलंस की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चारही वेळा तू त्याला मध्येच उठवलंस. यूपीएस नसेल तर शेजाऱ्यांचा तासाभरासाठी माग. आधी बघ की दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नीट बसली आहे. मग चालू कर आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस. बोर्डावर रॅमच्या नावाचा एक छोटा दिवा असतो, तो पेटलेला दिसला तरी थांब. पंधरा मिनिटांनीही काळीच राहिली तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून तेच कर, मग दुसरी स्टिक तिथंच लावून. यातून कोणती स्टिक अडते आहे ते कळेल.

चित्र आलं की वेग ४८०० दिसेल, तोच सुरुवातीचा बिनधोक वेग. ६०००साठी बायोसमध्ये एक्सपो नावाचं प्रोफाइल आहे, एक्सएमपीचाच एएमडीनं डीडीआर५साठी काढलेला भाऊ. ते लावल्यावर एकदा पुन्हा तसंच थांबावं लागेल, तेव्हा तेही लाईन असताना कर. वर मेमटेस्टबद्दल लिहिलं आहे, ते तुलाही लागू.

आणखी दोन स्टिक मात्र घेऊ नकोस. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा दोन स्टिकसाठी ५२०० आहे, चार लावल्या की ती ३६००वर येते. ६०००ची रॅम घेऊन तिला ३६००वर चालवायचं, हे बाबांच्या पैशाचं नुकसान. कॉलेजच्या कामाला ३२ जीबी भरपूर आहेत. कधी खरंच कमी पडले तर या दोन विकून ३२-३२च्या दोन घे, स्लॉट तेच, दुसरा आणि चौथा.